वाळवंटातल्या जिओथर्मलवरचा वीकेंड कोर्स, विजापूर रोड, सोलापूर: बोअरवेल लाइनमधल्या माणसाचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतोय. एक स्टार का कापला ते पुढे लिहितो, पण आधीच सांगून टाकतो की बोअरवेल, पाण्याचा सर्व्हे, सोलर, बॉयलर, चिलर असल्या कुठल्याही लाइनमध्ये असाल तर डोळे झाकून अ‍ॅडमिशन घ्या, फी वसूल होते.

कोर्सचं छापील नाव लांबलचक आहे, वाळवंटी प्रदेशातील भूऔष्णिक ऊर्जास्रोतांचे मूल्यमापन आणि विकास, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेपासून ऊर्जा कशी मिळवायची, आम्ही बॅचमधले सगळे नुसतं जिओथर्मल म्हणायचो. शनिवार-रविवार असतो, वरच्या मजल्यावर हॉल, खाली झेरॉक्सचं दुकान, गाडी लावायला जागा आहे. शिकवायला दोघं आहेत. सर आखातात तेलाच्या विहिरींवर बरीच वर्षं ड्रिलिंगला होते, आणि मॅडम जिऑलॉजीच्या, खडक आणि पाण्याची केमिस्ट्री त्या घेतात. बॅचमध्ये बोअरच्या गाड्यांचे मालक होते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलवाले होते, इंजिनिअरिंगची पोरं होती, आणि एक निवृत्त पाटबंधारेवाले काका, जे सगळ्यात जास्त प्रश्न विचारायचे.

माझं काम म्हणजे रेझिस्टिव्हिटी मशीनने, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजून, बोअरचा पॉइंट काढून देणं. दक्षिण सोलापूर, मंगळवेढा, अक्कलकोट, जिथं बोलावतील तिथं जातो. त्यामुळं मी या कोर्सकडे एकाच नजरेनं बघत होतो, की जमिनीखालचं न दिसणारं ओळखायची जगातली मोठी माणसं काय पद्धत वापरतात. आणि त्या बाबतीत कोर्स एकदम भारी आहे. याचा सगळा भर एका गोष्टीवर आहे, गाडी जागेवर उभी करायच्या आधी किती शंका स्वस्तात मिटवून घेता येतात. आपल्याकडं शेतकरी कर्ज काढून बोअर मारतो आणि सहाशे फुटांवर नुसता फुफाटा निघतो, त्यामुळं ही गोष्ट मला जिव्हाळ्याची वाटते.

पहिल्याच सेशनला सरांनी एक गोष्ट पक्की करून टाकली. जमिनीत खाली जाल तसं तापतंच, जगात कुठंही, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. त्यामुळं नुसती उष्णता सापडली म्हणून नाचायचं नाही. उष्णता पाहिजे, ती वर आणायला पाणी पाहिजे, आणि पाणी फिरायला खडकात भेगा पाहिजेत, तिन्ही एका जागी. वाळवंटात पहिली गोष्ट बऱ्याचदा मिळते, दुसऱ्या-तिसऱ्यासाठी जीव जातो. यावर त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या कूपर बेसिनचं उदाहरण पूर्ण उलगडून सांगितलं. इनामिंका गावाजवळ, भर वाळवंटात, चार किलोमीटरपेक्षा खोल गेल्यावर ग्रॅनाइट लागला, तापमान २४० अंशांच्या आसपास, म्हणजे उष्णतेत कसलीच कमी नाही. हबानेरो नावाच्या विहिरी मारल्या, २०१३ मध्ये १ मेगावॅटचा पायलट प्लांट काही महिने चालवून पण दाखवला, आणि तरी २०१६ पर्यंत विहिरी बुजवून प्रोजेक्ट बंद झाला. कारण इतक्या खोल विहिरीचा खर्च, त्यातून येणारं पाणी, आणि वीज घेणारं गिऱ्हाईक शेकडो किलोमीटर लांब, हा हिशोबच जुळला नाही. काका म्हणाले, "म्हणजे आग होती पण भाकरी भाजायला कुणी नव्हतं." सर म्हणाले बरोबर, हेच लिहून ठेवा.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेतलं नेवाडा. ते पण वाळवंट, पण तिथं पृथ्वीचं कवच ताणलं जाऊन पातळ झालंय, मोठमोठे फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या भेगा, आहेत, आणि त्या फॉल्टमधून पाणी खोल जाऊन तापून वर येतं. डिक्सी व्हॅली, स्टीलवॉटर, मॅकगिनेस हिल्स अशी नावं सारखी येतात कोर्समध्ये. मॅकगिनेस हिल्सची गोष्ट मला फार आवडली, तिथं वर एकही गरम झरा वाहत नाही, सोनं शोधणाऱ्यांनी भोकं मारली तेव्हा गरम पाणी लागलं, आणि २०१२ पासून तिथं वीज तयार होतेय. अशा झाकलेल्या साठ्यांना ते ब्लाइंड सिस्टीम म्हणतात आणि नेवाडा भागातले बहुतेक साठे असेच असावेत असं तिथल्या अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे गरम पाण्याचं कुंड दिसलं तरच खाली काहीतरी आहे, हा समज इथं पहिल्या आठवड्यातच संपतो.

आता प्रॅक्टिकल, कोर्सचा सगळ्यात चांगला भाग. वाळवंटात झाडी नसते त्यामुळं सॅटेलाइटच्या थर्मल फोटोत जमीन स्वच्छ दिसते, पण ऊन इतकं असतं की काळा दगड आणि खरंच खालून तापलेली जागा, दोन्ही सारखेच गरम दिसतात. म्हणून फोटो रात्रीचे घ्यायचे, पहाटेच्या आधीचे, दिवसाची उष्णता उतरल्यावरचे. आणि मग जागेवर जाऊन दोन मीटर खोल प्रोब, म्हणजे तापमान मोजायचा रॉड, ठोकायचा. दोनच मीटर का, तर दिवस-रात्रीचा फरक जमिनीत अर्धा-एक मीटरपर्यंतच जातो, त्याखाली तो मरतो, उन्हाळा-हिवाळ्याचा फरक मात्र दहा-पंधरा मीटरपर्यंत जातो, म्हणून दोन मीटरला मोजताना सगळे पॉइंट एकाच दोन-चार दिवसांत घ्यायचे आणि एक पॉइंट कायमचा ठेवून त्याच्याशी बाकीचे जुळवायचे.

हे आम्हाला होटगीच्या पुढं एका पडीक रानात करून दाखवलं, भर उन्हाळ्यात. पोकळ लोखंडी रॉड, टोकाला कठीण टीप, वरून हॅमर ड्रिल, जनरेटर गाडीत. काळ्या मातीला हात घालता येईल इतक्या भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगेत रॉड घातला तर वरची गरम हवा आत जाते आणि रीडिंग बिघडतं, म्हणून सरांनी भेग सोडून सलग ढेकूळ बघून जागा धरायला लावली. रॉड ठोकला की लगेच मोजायचं नाही, ठोकताना घर्षणाने तो स्वतःच तापलेला असतो, तासभर तरी सोडायचा. तोपर्यंत आम्ही लिंबाखाली. मग आत वायरला बांधलेला सेन्सर सोडला. वरच्या मातीवर ठेवलेला थर्मामीटर साठीच्या पुढं, पाय पोळत होते, आणि दोन मीटर खाली ३०-३१. पाच-सहा पॉइंट घेतले, सगळीकडं जवळपास तेच. सर म्हणाले, "सगळीकडं सारखं आलं म्हणजे इथं खालून काही येत नाहीये, हा पण रिझल्टच आहे, आणि किती स्वस्तात मिळाला बघा." नेवाडात याच पद्धतीनं मोजून आजूबाजूपेक्षा पाच-दहा अंश जास्त लागणारे पट्टे सापडतात आणि ते पट्टे फॉल्टच्या रेषेवर बसतात. त्या दिवसाचे पैसे मी वेगळे दिले असते तरी वाईट वाटलं नसतं.

पाण्याच्या केमिस्ट्रीचं सेशन मॅडमनी घेतलं. खोल गरम पाणी खडकातली सिलिका विरघळवून घेतं, जितकं गरम तितकी जास्त, आणि ते पाणी पटकन वर आलं तर सिलिका लगेच खाली बसत नाही, त्यामुळं वरच्या पाण्यातली सिलिका मोजून खाली किती गरम होतं त्याचा अंदाज येतो. फळ्यावर सूत्र लिहिलं, १३०९ भागिले (५.१९ वजा सिलिकाचा लॉग), त्यातून २७३ वजा. लिटरला २०० मिलिग्रॅम सिलिका असेल तर १८० अंश येतात. सगळ्यांनी मोबाइलवर करून बघितलं. मग त्यांनी आपल्याच एका बोअरच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट दिला, सिलिका ५०च्या आसपास. सूत्रात टाकलं तर १०२ अंश! हॉलमध्ये एकदम गडबड, एमआयडीसीतले मालक तर सरसावून बसले, म्हणाले, "मॅडम, मग माझ्या डाइंगला बॉयलर कशाला पाहिजे?"

मॅडम हसल्या आणि त्यावर अर्धा तास घेतला, आणि तो अर्धा तास सोन्यासारखा होता. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, खडक झिजताना थंड पाण्यातच एवढी सिलिका उतरते. ते पाणी कधी तापलेलंच नसतं. सूत्र धरून चालतं की पाणी आणि क्वार्ट्झ (सिलिकाचंच खनिज) यांचा खाली पूर्ण समतोल झालाय, आणि इथं तसं काही झालेलंच नाही. म्हणून एका सूत्रावर कधी थांबायचं नाही, सोडियम-पोटॅशियमचं वेगळं सूत्र लावायचं, मॅग्नेशियम बघायचं, मॅग्नेशियम जास्त असेल तर ते पाणी थंड किंवा थंड पाणी मिसळलेलं आहे असं समजायचं. वाळवंटात याच्यात आणखी एक घोळ असतो. तिथं सखल भागात पाणी साचतं, ऊन ते आटवतं आणि क्षार मागं उरतात, त्या खारट जमिनीतून मुरलेलं पाणी तपासलं तर सगळेच आकडे फुगलेले दिसतात. ज्याला हे माहीत नाही तो त्या रिपोर्टवर कोटभर रुपयांची विहीर मारून बसेल. मला वाटतं पूर्ण कोर्समधलं सगळ्यात महत्त्वाचं सेशन हेच, कारण खोटी आशा कशी तयार होते ते आपल्याच पाण्यावर दाखवलं.

एमटी, म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक, हा भाग माझ्या लाइनचा. आपण चार खुंट्या ठोकून करंट सोडतो, ते दोन-तीनशे मीटरपर्यंत बघायला ठीक आहे. एमटीमध्ये करंट सोडायचाच नाही, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात नैसर्गिक चढउतार होत असतात त्यावर जमीन कसा प्रतिसाद देते ते रात्रभर रेकॉर्ड करायचं आणि त्यावरून कित्येक किलोमीटर खोलपर्यंतची रेझिस्टिव्हिटी काढायची. आपल्या धंद्यात रेझिस्टिव्हिटीचा आकडा कमी आला की पाणी, अशी सवय असते. इथं तसं नाही. गरम पाण्याच्या साठ्याच्या वर खडक बदलून चिकणमाती तयार झालेली असते, तिची रेझिस्टिव्हिटी सगळ्यात कमी येते, दहा ओम-मीटरच्या पण खाली. खरा साठा त्याच्या खाली, जिथं आकडा परत वाढायला लागतो तिथं असतो. म्हणजे सगळ्यात कमी आकड्याला भोक मारलं तर विहीर चिकणमातीत. शिवाय वाळवंटात मीठ भरलेल्या गाळाचा पण आकडा असाच कमी येतो, मग ती कॅप, म्हणजे साठ्यावरचं चिकणमातीचं झाकण, आहे की नुसता खारा गाळ आहे हे ठरवायला ग्रॅव्हिटी सर्व्हे (गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजणं) आणि केमिस्ट्री दोन्ही सोबत लागतात. कोरड्या वाळूत इलेक्ट्रोडला कॉन्टॅक्ट मिळत नाही म्हणून तिथले लोक खड्ड्यात बेंटोनाइटचा चिखल आणि मिठाचं पाणी घालतात हे सरांनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं, एप्रिल-मेमध्ये मंगळवेढ्याच्या रानात आम्ही खुंटीला मिठाचं पाणीच घालतो.

त्यानंतर टेंपरेचर ग्रेडियंटची, म्हणजे खाली जाल तसं तापमान किती वाढतं ते मोजायची, बारीक भोकं, शे-दीडशे मीटरची. भोक मारून लगेच मोजायचं नाही, ड्रिलिंगने जमीन ढवळलेली असते, काही आठवडे सोडायचं. आणि ग्रेडियंट जास्त आला म्हणून तीच रेघ सरळ खाली ओढून दोन किलोमीटरला २५० अंश असं म्हणायचं नाही, कारण गरम पाणी आडवं पसरलेलं असेल तर खाली गेल्यावर तापमान उलट कमी होतं. इथं स्लाइड्स खूप पटपट पुढं सरकवल्या, हा भाग अजून सावकाश घ्यायला पाहिजे होता. ग्राफ कसा वाचायचा यावर सराव नाहीच.

हिशोबाचं सेशन मात्र मस्त. एक घन किलोमीटर खडक घ्या, तो १०० अंशांनी थंड केला तर किती ऊर्जा निघते, हे आमच्याकडून कागदावर करून घेतलं. आकडा एवढा मोठा येतो की वाटतं सोलापूर जिल्हा आयुष्यभर चालेल. मग त्यातली जमिनीतून प्रत्यक्ष किती काढता येते, तर दहा टक्के धरा, आणि त्याची वीज करताना परत दहा टक्केच हातात येते, आणि हे ३० वर्षांत वाटा. उत्तर आलं ३ मेगावॅटला थोडं कमी. एका घन किलोमीटरचं! आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीची क्षमता १३२० मेगावॅट आहे, म्हणजे तुलना करा. सर म्हणाले की अमेरिकेच्या यूएसजीएसने, म्हणजे तिथल्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, १९७८ च्या पाहणीत काढता येणारा वाटा २५ टक्के धरला होता, २००८ च्या पाहणीत भेगांच्या साठ्यासाठी तो ८ ते २० टक्क्यांवर आणला, नुसता हा एक आकडा बदलला की प्रोजेक्ट निम्म्यावर येतो. म्हणून एक आकडा कधी सांगायचा नाही, प्रत्येक गोष्टीची कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा घ्यायची, कॉम्प्युटरवर हजारो वेळा फिरवायचं आणि बँकेला सांगायचं की एवढं मिळायची शक्यता ९० टक्के आहे. आपल्याकडं "दोन इंच पाणी लागणारच" असं छातीठोक सांगतात, त्यापेक्षा हे किती चांगलं. मी माझ्या पार्टीला आता रिपोर्टमध्ये शक्यता लिहून द्यायला लागलोय. काही लोक नाराज होतात, होऊ देत.

विहिरींच्या यशाचा एक आकडा पण लक्षात राहिला. जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २०१३ मध्ये जगभरच्या जिओथर्मल विहिरींचा अभ्यास केला, त्यात शोधाच्या टप्प्यातल्या विहिरींचं यश साधारण ५९ टक्के आलं, पुढच्या टप्प्यांत ते वाढत जातं. म्हणजे इतके सर्व्हे करून पण सुरुवातीच्या दहातल्या चार फेल. बोअरच्या गाडीवाल्या मालकांना हे ऐकून फार धीर आला.

डेव्हलपमेंटच्या भागात वाळवंटाचा खरा प्रश्न येतो, कूलिंग. १५० अंशांच्या पाण्याने थेट टर्बाइन फिरवत नाहीत, त्या उष्णतेवर पेंटेन किंवा आयसोब्युटेनसारखा लवकर उकळणारा द्रव उकळवतात, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, आणि गरम पाणी परत जमिनीत सोडतात. ते परत सोडणं वाळवंटात सक्तीचंच समजा, नाहीतर खालचा साठा उतरतो आणि आजूबाजूचे झरे आटतात. पण ती वाफ परत थंड करायला एकतर पाणी पाहिजे, जे नाहीये, किंवा मोठमोठे पंखे. पंख्यांवर चाललं की मे महिन्याच्या दुपारी, जेव्हा सगळ्यांचे एसी चालू असतात आणि विजेला सगळ्यात जास्त मागणी असते, नेमकी तेव्हाच वीज कमी निघते, आणि पहाटे जास्त. यावर स्टीलवॉटरचा तोडगा मला आवडला, तिथं ३३ मेगावॅटच्या जिओथर्मलला २६ मेगावॅटचं सोलर जोडलंय, दुपारी एक पडतं तेव्हा दुसरं चढतं. उजनीचं पाणी पाइपलाइनने वीज केंद्राला जातं आणि शहरात चार-चार पाच-पाच दिवसांनी नळ येतो, त्या गावात बसून हा विषय शिकताना कुणालाच झोप येत नव्हती.

आणि अबुधाबीचं मसदार सिटी. २०२३ मध्ये तिथं जमिनीतल्या ९० अंशांच्या वरच्या पाण्यावर अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर चालवायला सुरुवात केली, म्हणजे गरम पाण्यापासून थंडावा, मसदार सिटीच्या कूलिंगच्या साधारण १० टक्के गरजेसाठी. वीज बनवायच्या भानगडीत पडलेच नाहीत. इतक्या कमी तापमानाच्या पाण्यातून वीज काढायला गेलं तर हाताला फार काही लागत नाही, पण त्याच उष्णतेतून थेट थंडावा घेतला तर उपयोग होतो. असे चिलर आपल्या पुण्यातली थरमॅक्स पण बनवते. माझ्या मते वाळवंटातल्या जिओथर्मलचा सगळ्यात शहाणा वापर हाच आहे आणि कोर्समध्ये याला फक्त एक छोटं सेशन दिलंय, ते दुप्पट करायला पाहिजे.

चिलीच्या अटाकामा वाळवंटातलं सेरो पाबेलॉन हे जिओथर्मल वीज केंद्र पण झालं, २०१७ मध्ये सुरू झालेलं, सुमारे ४५०० मीटर उंचीवर. आपल्या लडाखचं पुगा पण चांगलं घेतलं, ते थंड वाळवंट, ४४०० मीटरच्या आसपास, जीएसआयने, म्हणजे आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने, पूर्वी ३४ बोअर मारले, पण सगळ्यात खोल ३८५ मीटरच. म्हणजे आपल्याकडं पाण्यासाठी जेवढं खोल जातात जवळपास तेवढंच! २०२१ मध्ये ओएनजीसीने तिथं करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचं जिओथर्मलचं राष्ट्रीय धोरण पण आलं. कायद्याचा आणि परवान्यांचा भाग वाचून दाखवल्यासारखा झाला, तिथं मला काही मिळालं नाही. त्यातल्या त्यात डिक्सी व्हॅलीच्या बेडकाचा किस्सा लक्षात राहिला, तिथल्या झऱ्यांवर जगणारा एक छोटा बेडूक २०२२ मध्ये संकटग्रस्त जाहीर झाला आणि शेजारच्या प्रोजेक्टला आकार कमी करावा लागला. वाळवंटात जिथं पाणी वर येतं तिथंच सगळा जीव गोळा झालेला असतो, त्यामुळं झऱ्याची पातळी आणि तापमान प्रोजेक्टच्या आधीपासून मोजून ठेवायला पाहिजे.

सोलापुरात होईल का, हा प्रश्न प्रत्येक सेशनला कुणीतरी विचारायचंच. शेवटी सरांनी सरळ उत्तर दिलं आणि त्यासाठी त्यांना मानलं, कारण कोर्स विकायचा असेल तर माणूस इथं गोलमाल बोलतो. विजेसाठी नाही. आपण दख्खनच्या जुन्या, थंड, स्थिर खडकावर आहोत. एक किलोमीटर खाली गेलात तरी पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढं धरू नका, आणि तिथं पाणी वाहतं असायला भेगा लागतील त्याची काही खात्री नाही. राज्यातले गरम झरे कोकणात आहेत, वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ-राजवाडी, आणि इकडं जळगावकडं उनपदेव. मग टॉवेलवाल्या मालकांनी जमिनीखालच्या पाइपवर एसी चालवायचं विचारलं. त्यावर सर म्हणाले की करता येतं, बाहेर ४३ असताना जमीन २८-३० ला असते, उष्णता तिच्यात सोडणं सोपं जातं, पण आपल्याकडं हिवाळ्यात घर तापवायची गरज नसते, म्हणजे वर्षभर नुसती उष्णता जमिनीत ओतायची, ती परत काढायची नाही, आणि मग आजूबाजूची जमीन वर्षागणिक तापत जाते. त्यामुळं जमिनीतल्या पाइपचा लूप मोठा लागतो आणि खर्च वाढतो, तो आधी काढून बघा. इथं कुणी येऊन "जिओथर्मल बोअर मारून देतो, बॉयलर बंद करा" म्हणत असेल तर त्याला दोन मीटरचं रीडिंग आणि मॅग्नेशियमचा रिपोर्ट मागा.

आता कापलेला स्टार. स्लाइड्स सगळ्या इंग्लिशमध्ये, बोलणं मराठीत, त्यामुळं बोअरवाल्या मालकांना वही भरताना त्रास झाला, निदान मुख्य शब्दांचा एक मराठी कागद द्यायला काय हरकत आहे. बॅच जाहीर केलेल्या तारखेला सुरू झाली नाही, आदल्या रात्री मेसेज, पंढरपूरहून येणारा एक जण तर येऊन परत गेला. सर्टिफिकेटसाठी पाठपुरावा करावा लागतो. हॉलमधला एसी दुपारी दम टाकतो आणि मागच्या बाकांवर काही ऐकू येत नाही, पुढं बसा. आणि हिशोबाची एक्सेल शीट फक्त सरांच्या लॅपटॉपवर होती, ती मागितल्यावर मिळाली, पण मागणाऱ्यालाच मिळाली.

फी साडेसहा हजार, दोन हप्त्यांत घेतात. दहावीपर्यंतचं गणित आणि कॅल्क्युलेटरवर लॉग काढता आला की पुरतं, बाकी ते शिकवतात. जाणाऱ्यांनी आपल्या बोअरच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट सोबत न्या, त्यात सिलिका, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलेलं असू द्या, साध्या पिण्याच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये सिलिका बऱ्याचदा नसते, ती वेगळी सांगावी लागते. आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी जाड तळव्याचे बूट घाला.